दहा हेलकावे

मामीचा फोन आला तेव्हा मी ऐरोलीच्या ऑफिसात सकाळच्या मीटिंगमध्ये होते. मामी ऑफिसच्या वेळेत कधीच फोन करायची नाही, म्हणून बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन उचलला. "मनू, तुझो मामा गेलो गो," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ फक्त नळाचा आवाज येत राहिला. तिने स्वयंपाकघरातला नळ तसाच चालू ठेवला होता. मी "हो" म्हटलं. नुसतं "हो". मग आत जाऊन पुन्हा खुर्चीत बसले. कुणीतरी माझ्या कामाबद्दल काही विचारलं आणि मी त्याचं नीट, पूर्ण उत्तर दिलं. उत्तर संपल्यावर मला कळलं की आपल्याला उठून जायला हवं. पण सगळ्यांसमोर उठायचं, कारण सांगायचं... मी मीटिंग संपेपर्यंत बसून राहिले. ती बारा मिनिटं मी अजून कुणाला सांगितलेली नाहीत.

तशी मी बऱ्याच गोष्टी कुणाला सांगत नाही. मामा म्हणायचा, "ह्या पोरीला दोन भाषा येतात आणि दोन्हीत ती गप्प बसते." पण एक गोष्ट त्याला सांगायलाच हवी होती. तीन आठवडे रोज सांगायची संधी होती, आणि मी सांगितली नाही. हे लिहायला घेतलंय ते मामासाठी, पण त्या न सांगितलेल्या गोष्टीसाठीही.

मामा म्हणजे माझ्या आईचा मोठा भाऊ, सुधाकर. आम्ही बोरिवलीला राहतो. चार वर्षांपूर्वी मला ऐरोलीत नोकरी लागली तेव्हा रोजचं जाणं-येणं जमेना, म्हणून सोमवार ते शुक्रवार मी मुलुंड पूर्वेला मामा-मामीकडे राहायला लागले. त्यांना मूलबाळ नव्हतं. सोसायटी जुनी, तीन मजल्यांची, त्यांचं घर तळमजल्यावर. मागच्या बाजूला कंपाउंडच्या भिंतीपर्यंत चार पावलांची जागा होती. मामाने त्यावर पत्रा टाकला होता आणि त्या पत्र्याखाली त्याचं सगळं जग होतं. मामाचे वडील गिरणीत होते, मामा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. कारखाना बंद पडला तेव्हा तो पन्नाशीचा होता. तेव्हापासून तो इंजिनाच्या जुन्या सायकली विकत घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि आवडणाऱ्या माणसाला द्यायचा.

इंजिनाची सायकल म्हणजे काय ते मलाही आधी माहीत नव्हतं. दिसायला जाडजूड सायकलच. पेडल असतात, कॅरियर असतो, घंटी असते. फक्त पायांच्या मधोमध तांब्याएवढं एक इंजिन आणि त्याच्यावर पेट्रोलची छोटी टाकी. आधी पेडल मारत निघायचं आणि वेग आला की इंजिन सुरू होतं. आपल्या वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी माणसांनी आयुष्यातली पहिली गाडी म्हणून हीच घेतली होती. आता त्या जिन्याखाली, गोठ्यात, मंदिरामागे गंजत पडलेल्या असतात. मामाला त्यांचा वास लागायचा. कुणाच्या लग्नाला गेलो तरी तो जेवण झाल्यावर हॉलच्या मागे चक्कर मारून यायचा.

"ह्यां भंगार आता खंय ठेवतलास? माझ्या डोक्यार?" मामी विचारायची.

"तुझ्या डोक्यार जागा आसा खंय," मामा म्हणायचा. "थंय सोसायटीच्यो नोटिसी भरलेत."

नोटिसा खरंच यायच्या. सेक्रेटरी इंग्रजीत लिहायचे आणि मामा त्या मला वाचायला द्यायचा. मी वाचायचे, तो मन लावून ऐकायचा, मग कागद उलटा करून त्यावर नट आवळायचे पाने पुसायचा.

आमची मैत्री अशा वाचनातूनच झाली. जुन्या गाड्यांबरोबर कधीकधी छापील पुस्तिका मिळायची, पिवळी पडलेली, इंग्रजीत. मामाला इंग्रजी अक्षरं लावता यायची, पण वाक्य लांबलं की तो वैतागायचा. मी संध्याकाळी ऑफिसमधून आले की स्टुलावर बसून वाचायचे. माझं मराठी तेव्हा इतकं कच्चं होतं की मी अर्थ सांगायला लागले की तो मधेच थांबवायचा. "अगं 'ते घट्ट नको जास्त करू' काय? 'फार आवळू नको' म्हण." मी म्हणायचे, फार आवळू नको. असं एकेक वाक्य. माझ्या शाळेने जे मराठी मला शिकवलं नाही ते मी पत्र्याखाली, ग्रीसच्या वासात शिकले. नंतर तो मला हातातही काम द्यायला लागला. प्लग घासणं, कार्बोरेटर उघडून रॉकेलमध्ये धुणं, पिस्टनवर रिंगा चढवणं. रिंग चढवताना श्वास रोखायचा, हे त्याने मला कधी सांगितलं नाही. तो रोखायचा, म्हणून मीही रोखायचे.

त्याच्याकडे बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा होता. त्यात बिघडलेले भाग असायचे. तुटलेला बोल्ट, वाकडी कापलेली गॅस्केट, आटे गेलेला नट. प्रत्येकाला तांब्याच्या तारेने एक चिठ्ठी बांधलेली, चहाच्या पुड्याच्या पुठ्ठ्याची, आणि त्यावर पेन्सिलीने त्याच्या बारीक अक्षरात कारण लिहिलेलं. "घाई केली." "चष्मा न लावता कापलं." एका बोल्टच्या चिठ्ठीवर होतं, "हिच्याशी भांडून येऊन बसलो होतो." मी हसले तेव्हा तो म्हणाला, "भंगारात टाकलं तर मला वाटेल मी कधी चुकलोच नाही." डब्याचा नियम एकच होता. त्यात फक्त स्वतःच्या चुका. घाटकोपरच्या लेथवाल्या काकांनी एकदा एक बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, चुकीचा घासून दिला. मी तो डब्यात टाकायला गेले तर मामाने हात धरला. "ती त्याची. दुसऱ्याची चूक आपल्या डब्यात नाय ठेवायची."

गेल्या वर्षी त्याला कुणीतरी सांगितलं की वेसाव्याच्या कोळीवाड्यात एक गाडी आहे. आम्ही दोघं एका रविवारी गेलो. मासे सुकवायच्या बांबूंच्या मागे, फाटक्या जाळ्याखाली ती उभी होती. मालकीण ऐंशीच्या पुढची, जानकीमावशी. तिने आम्हाला उंबऱ्यातूनच सांगितलं की गाडी विकायची नाही. मामाने किंमत विचारलीच नाही. तो कुठेही गेला तरी पहिला प्रश्न एकच असायचा, हिच्यावर शेवटचं कोण बसलं?

"माजा दादला," मावशी म्हणाली. दादला म्हणजे नवरा. मग ती बसली आणि बोलायलाच लागली. नवरा पहाटे या गाडीवरून अंधेरीच्या बाजारात मासळीच्या पाट्या पोचवायचा. परत येताना गल्लीच्या तोंडाशी आवाज यायचा. "त्यो आवाज आयकला का मी चाय ठेवाची. त्यो हात-पाय धुऊन येल तवर चाय तयार. तीस वर्सं, मिस्त्री. आता पोरं बोलतान भंगारात दे. मी नाय दिली."

"नका देऊ," मामा म्हणाला. "मी चालू करून देतो. गाडी तुमची तुमच्याकडेच."

"मंग तुला काय?"

"मला ऐकायचाय आवाज."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ही बोलत नाय?" मामा म्हणाला, "बोलते. वर्षातून दोनदा." मावशी हसली, आणि उठताना कानाला हात लावून म्हणाली, "लवकर कर रं. कान जातान माजे. हायेत तवर आयकव."

त्या गाडीवर आम्ही पाच महिने काम केलं. टाकी आतून गंजली होती, ती धुऊन, खडे घालून हलवून, पुन्हा धुऊन कोरडी केली. पिस्टन कामातून गेला होता. घाटकोपरच्या एका जुन्या दुकानात त्याच मापाचा एक न वापरलेला पिस्टन कागदात गुंडाळलेला मिळाला. दुकानदारालाही तो आपल्याकडे आहे हे माहीत नव्हतं. मामा तो खिशात ठेवून रिक्षातून आला, आणि येताना सारखा खिशाला हात लावत होता. असा दुसरा मिळणार नाही, एवढंच म्हणाला. रिंगा मी चढवल्या. मामाने मावशीला फोन करून सांगितलं, शनिवारी घेऊन येतो. शुक्रवारी संध्याकाळी टेम्पोवाल्याला सांगायला त्याला जायचं होतं, म्हणून तो मला म्हणाला, "तू तेवढं पेट्रोल भरून आण. पंपापर्यंत पेडल मारत जा, येताना चालू करून ये. पहिली चक्कर तुझी."

आता मला ते सांगायचंय जे मी त्याला सांगितलं नाही.

या जुन्या इंजिनांना नुसतं पेट्रोल चालत नाही. त्यात तेल मिसळावं लागतं. पिस्टनला वंगण त्या तेलाचंच. मामाची पद्धत ठरलेली होती. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत मोजून तेल न्यायचं, ते आधी टाकीत ओतायचं, मग वर पेट्रोल घ्यायचं, आणि मग तिथेच, पंपावरच, हँडल दोन्ही हातांनी धरून गाडीला डावी-उजवीकडे दहा हेलकावे द्यायचे. मोठ्याने मोजत. तेल तळाशी बसू नये म्हणून. मामाबरोबर पंपावर जाताना मला त्या दहा हेलकाव्यांची फार लाज वाटायची. लोक बघायचे. मागचे हॉर्न वाजवायचे. मामा शांतपणे "सात... आठ..." म्हणत असायचा, आणि मी हवा भरायच्या मशीनपाशी जाऊन उभी राहायचे, जणू मी त्याच्याबरोबर नाहीच.

त्या शुक्रवारी पंपावर रांग होती. माझा नंबर आला तेव्हा मागे सात-आठ रिक्षा, दोन टेम्पो. मी बॅगेतून बाटली काढली, पण तिचं झाकण ग्रीसमुळे निघेना. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, सर्कस है क्या? चलो ना यार." दोघं-तिघं हसले. पेट्रोल भरणारा नोझल घेऊन उभा होता. "घालू ना?" मी मान हलवली. त्याने घातलं. मी बाटली बॅगेत टाकली आणि गाडी ढकलत बाहेर आले. विचार केला, कोपऱ्यावर थांबून तेल घालू. कोपऱ्यावर कॉलेजची मुलं कट्ट्यावर बसली होती, ती बघत होती. विचार केला, जरा पुढे घालू. पेडल मारायला लागले, आणि इंजिन सुरू झालं.

तो आवाज मी विसरणार नाही. मिठागर रोडवरची माणसं वळून बघत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी थांबायला हवं होतं. प्रत्येक वळणावर मला आठवत होतं की थांबायला हवं. पण थांबले तर ते परत सुरू होईल का, असंही वाटत होतं... घर दोन वळणांवर राहिलं होतं तेव्हा एक कर्कश किंकाळी आली आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. तेलाशिवाय तापून पिस्टन आत चिकटला होता.

मी अडकलेलं चाक फरफटत गाडी कशीबशी सोसायटीच्या मागच्या गेटपर्यंत आणली. तिथे कुणी नव्हतं. मी बाटलीचं झाकण रुमालाने धरून उघडलं, तेल टाकीत ओतलं, आणि गाडीला हेलकावे दिले. दहा. पूर्ण दहा दिले, आणि मनात मोजलेही.

मामाला म्हटलं, "चालता चालता बंद पडली."

त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन उघडलं. पिस्टन बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि उजेडात धरून फिरवला. बाजूंवर उभ्या खोल रेघा होत्या, धातू ओरबाडल्यासारख्या. "बघ," म्हणून त्याने तो माझ्या हातात दिला. मी बघितलं. फिटरचं काम केलेला माणूस त्या रेघा पुस्तकासारख्या वाचतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी पिस्टन परत दिला. त्याने तो फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मालच जुना. पडून पडून खराब झाला असणार." आणि माझ्यासमोरच मावशीला फोन लावला.

मावशीला ऐकू कमी येतं म्हणून तो ओरडून बोलत होता आणि तीही ओरडत होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "काय रं मिस्त्री, शनवारी बोललास ना! मी पोरांना बोलवून ठेवलंय. माजे कान काय तुजी वाट बगत बसतान?" मामा म्हणत होता, "चुकलं मावशी. माझंच चुकलं. माल नीट बघून घ्यायला हवा होता." तो पुन्हा पुन्हा चुकलं म्हणत होता आणि मी स्टुलावर बसून प्लग घासत होते. तो प्लग आधीच स्वच्छ होता.

पुढचे तीन आठवडे मामा लेथवाल्या काकांकडे फेऱ्या मारत होता. तसा पिस्टन मिळणार नव्हता, म्हणून दुसऱ्या गाडीचा घेऊन त्या मापाचा करून घ्यायचं ठरलं. तो दुपारच्या उन्हात घाटकोपरला जायचा. मी रोज संध्याकाळी ठरवायचे की आज सांगू. तो चहा घेऊन पायरीवर बसायचा, मी शेजारी बसायचे. "काय गं?" तो विचारायचा. मी म्हणायचे, "काही नाही." एकदा त्याने एवढंच म्हटलं, "पंपावर गर्दी होती का त्या दिवशी?" मी म्हटलं, "थोडी." तो म्हणाला, "हं." आणि मामीला हाक मारली, "गो, चाय निवली ही. दुसरी दी."

पिस्टन तयार होऊन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. आंघोळीला जायला उठला आणि कॉटवर परत बसला, मामी म्हणते. हृदय आधीपासूनच कमकुवत होतं, गोळ्या चालू होत्या. उन्हातल्या फेऱ्यांचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. मामीलाही विचारलं. ती म्हणाली, "तेका फेरये मारूक गावले म्हणान तो बरो होतो. घरात बसान मेलो असतो आधीच." ती खोटं बोलत नाही. तरीसुद्धा...

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. मामीने मला पत्र्याखालची आवराआवर करायला सांगितलं. ती स्वतः तिकडे जाईना, दारात नुसती उभी राहायची. "काय ठेवचां, काय टाकचां, तां तुकाच कळता," म्हणाली. कपाटात नवा पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळलेला सापडला. त्याच्या मागे निळा डबा होता. मी तो उघडला ते नुसतं त्याचं अक्षर बघायला. वरच्या बोल्ट-नटांच्या खाली काहीतरी जड होतं. माझा पिस्टन. रेघांचा.

पहिल्यांदा वाटलं, चुकून पडला असेल. या डब्यात दुसऱ्याची चूक ठेवायची नाही, हा नियम त्याचाच. आणि माल जुना होता, असं तोच म्हणाला होता. मग तारेला बांधलेली चिठ्ठी दिसली. नेहमीपेक्षा मोठी, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. एका बाजूला होतं, "कोरडा जळला. टाकीत तेल होतं, पिस्टनला नव्हतं." मी खाली बसले. गेटपाशी दिलेले ते दहा हेलकावे मला आठवले... त्याला सगळं कळलं होतं, पहिल्याच दिवशी. मी चिठ्ठी उलटी केली.

"माझी चूक. पोरीला गर्दीच्या वेळी एकटीला पंपावर पाठवलं. तिला माणसांचा त्रास होतो हे माहीत असून."

मामी दारातून म्हणाली, "काय सापडलां गो?" मी तिला डबा दाखवला, आणि मग तिला सगळं सांगितलं. पंप, झाकण, कट्ट्यावरची मुलं, गेट, सगळं. मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. मामीने ऐकून घेतलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "माका वाटलाच. त्या रात्री जेवलो नाय तो. माका म्हणालो, पोरगी घाबरली हा, तू काय इचारू नको." थोड्या वेळाने ती पहिल्यांदाच पत्र्याखाली आली आणि त्याच्या स्टुलावर बसली. "आता ती गाडी तशीच ठेवतलंस काय?"

नवा पिस्टन बसवायला मला तीन रविवार लागले. मामाच्या हाताला जे अर्ध्या तासाचं काम होतं, ते मला पुस्तिका समोर ठेवून, पुन्हा पुन्हा सोडवून करावं लागलं. लेथवाले काका एकदा घाटकोपरहून येऊन बघून गेले. रिंग चढवताना मी श्वास रोखला तेव्हा तेही गप्प उभे राहिले. बाहेर पडताना म्हणाले, "सुधाकर असाच करायचा." आणि चष्मा पुसत निघून गेले.

मग शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच पंपावर गेले. मुद्दाम त्याच वेळी. रांग तेवढीच होती. माझा नंबर आला तेव्हा मी पेट्रोल भरणाऱ्याला म्हटलं, "थांबा. आधी तेल घालायचंय." आवाज बारीक निघाला, त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं. तेल घातलं, पेट्रोल घेतलं, हँडल धरलं आणि हेलकावे द्यायला लागले. एक. दोन. कान तापले होते. मागचा रिक्षावाला खाली उतरला. "ये क्या नया नाटक है?" मी वर न बघता म्हटलं, "दस बार हिलाना पडता है." तो जवळ येऊन बघत उभा राहिला. सहापर्यंत मी एकटी मोजत होते. सातपासून तोही मोजायला लागला. "आठ... नौ... दस! चलो मॅडम, बन गया शरबत." लोक हसले. मीही हसले असेन, मला नक्की आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत गाडी घालून वेसाव्याला गेलो. मामी बरोबर आली. आयुष्यभर ज्याला भंगार म्हणाली त्या भंगाराचं हँडल तिने मुलुंडपासून वेसाव्यापर्यंत धरून ठेवलं होतं. मावशीला मामाचं फोनवर कळवलं होतं, पण तिला नीट ऐकू आलं होतं की नाही कुणास ठाऊक. तिने आमच्यामागे वाकून बघितलं. "मिस्त्री नाय आयला?" मामीने मान हलवली. मावशीने मामीचं कपाळ बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. मामीचा हात धरून तिला उंबऱ्यात आपल्या शेजारी बसवलं.

मी गाडी गल्लीच्या तोंडाशी नेली आणि तिथून पेडल मारत आले. दारापाशी येईपर्यंत इंजिन सुरू झालं नाही. परत नेली, पुन्हा आले. तिसऱ्यांदा सुरू झालं. आजूबाजूच्या बायका, पोरं सगळी बाहेर आली. मावशीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. कान गेले, तीन आठवडे नाही, दोन महिने उशीर झाला माझ्यामुळे, असं वाटलं. मी अगदी तिच्या पायाशी गाडी आणून उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. मावशी वाकली आणि तिने टाकीवर तळवा ठेवला. तसाच ठेवून तिने मान तिरकी केली, एक कान खाली, दुसरा वर.

"आवाज जरा येगला लागतंय," ती म्हणाली.

"पिस्टन दुसरा आहे, मावशी," मी ओरडून सांगितलं. "पहिला माझ्या हातून जळला. मिस्त्रींची चूक नव्हती. माझी होती." गल्लीतल्या वीसेक माणसांनी ते ऐकलं.

मावशीने मान डोलावली. काय ऐकलं, किती ऐकलं, मला माहीत नाही. तिने टाकीवरचा हात काढला, गुडघ्यावर जोर देऊन उठली आणि आत जाताना म्हणाली, "बसा. चाय ठेवतंय."

गाडी आता तिच्याकडेच आहे. निळा डबा माझ्याकडे आहे, मामीने दिला. मी अजून सोमवार ते शुक्रवार मुलुंडलाच राहते. पत्र्याखाली अजून दोन गाड्या उघडून पडल्यात, सेक्रेटरींची नवी नोटीस आलीय, ती मी मामीला वाचून दाखवली आणि तिने ती उलटी करून त्यावर ग्रीसचे पाने ठेवले. परवा मी चहाच्या पुड्याचा पुठ्ठा कापला. मराठीत लिहायला मला अजून वेळ लागतो, पेन्सिलीने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "तेल विसरले नव्हते. लाजले. आणि नंतर सांगितलं नाही. मनू." तांब्याची तार मामाच्याच रिळाची होती. त्याची चिठ्ठी मी काढली नाही. पिस्टनला आता दोन चिठ्ठ्या आहेत, आणि डबा हलवला की त्या एकमेकींना लागतात.